आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी होऊ नये म्हणून...

वसतिगृहाला आग लागली की बंब येतो. पण दाराची चावी कुणाकडे, वीज कुठून बंद करायची, आत किती मुले आहेत, हे सांगायला मात्र कुणी नसते. ही माहिती दाराशीच तयार ठेवायला फार पैसा लागत नाही. मग अडते कुठे?

अग्निशमन केंद्रातील दूरध्वनी खणखणतो. पलीकडून घाबरा आवाज येतो, ''युनिव्हर्सिटीत आग लागलीय, लवकर या!'' आणि फोन बंद होतो. पाहता पाहता बंब घंटा वाजवीत केंद्राबाहेर पडतो. जवान सज्ज असतात, टाकीत पाणी असते, शिडी असते. नसते ती फक्त एक गोष्ट, जिथे जायचे त्या इमारतीची माहिती.

विद्यापीठ म्हणजे काही चार खोल्यांचे घर नव्हे. बनारस हिंदू विद्यापीठाचे आवार सुमारे 1300 एकरांचे आहे, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे सुमारे 1000 एकरांचे. एकेका आवारात वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृहे, मेस, कर्मचाऱ्यांची घरे असे एक गावच वसलेले असते. वसतिगृहांना कुठे नद्यांची नावे, तर कुठे नुसते क्रमांक. मुलांच्या तोंडी आणखी तिसरेच नाव असते. रात्री बहुतेक फाटकांना कुलूप असते आणि जे एक उघडे असते, तिथे भेटतो तो कंत्राटावर नुकताच लागलेला रखवालदार.

''आग कुठल्या मजल्यावर आहे?''

''माहीत नाही, साहेब.''

''मागच्या जिन्याची चावी?''

''ती रेक्टरसाहेबांकडे असते.''

''आणि रेक्टर?''

''ते गावाला गेलेत.''

असा संवाद कुठल्याही शहरात, कुठल्याही रात्री घडू शकतो. त्यात रखवालदाराचा दोष नाही. त्याला कुणी काही सांगितलेलेच नसते. इमारतीचे नकाशे असतात, पण ते बांधकाम विभागाच्या कपाटात. रसायनांची यादी असते, पण ती प्रयोगशाळेच्या आतल्या टेबलावर, म्हणजे नेमकी जिथे आग आहे तिथेच. मुलांची यादी असते, पण ती कार्यालयातील संगणकात, आणि कार्यालय संध्याकाळीच बंद झालेले. माहिती आहे, पण तिला हवी तिथे आणि हवी तेव्हा ती नाही. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. इथे बंब योग्य ठिकाणी पोहोचतो, माहिती मात्र सोमेश्वरीच राहते.

मिनिटांचा हिशेब

''पाच-दहा मिनिटे चौकशीत गेली तर काय बिघडले?'' असे कुणाला वाटेल. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेने दोन खोल्या मुद्दाम पेटवून पाहिल्या. एका खोलीत जुन्या पद्धतीचे लाकडी, सुती सामान होते, तर दुसरीत आजचे फोम व कृत्रिम धाग्यांचे. जुन्या सामानाची खोली पूर्ण पेट घ्यायला जवळजवळ अर्धा तास लागला. आजच्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आत धडाडून पेटली.

वसतिगृहाची खोली आठवून पाहा. फोमची गादी, प्लास्टिकची खुर्ची, पडदे, वह्या-पुस्तके आणि एकाच प्लगवर लटकलेले चार चार्जर. माणसे बहुधा ज्वाळांनी नव्हे तर धुराने दगावतात, आणि धूर ज्वाळांच्या कितीतरी पुढे धावतो. जवानाच्या पाठीवरचा हवेचा सिलिंडरही जेमतेम अर्धा-पाऊण तास पुरेल एवढाच असतो. धावपळीत तो त्याहून लवकर संपतो. त्यामुळे जिना शोधण्यात गेलेले प्रत्येक मिनिट दोघांचेही असते, आत अडकलेल्या मुलाचे आणि त्याला आणायला गेलेल्या जवानाचे.

माहिती नसल्याची किंमत

14 एप्रिल हा दिवस भारतभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्यामागे मुंबईचीच एक करुण कहाणी आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि त्याच्या जोडीला सुमारे 1400 टन स्फोटके व दारूगोळा. स्फोटके असल्याची सूचना देणारा लाल बावटा मात्र जहाजावर फडकत नव्हता. दुपारभर पाण्याचा मारा चालू असताना चारच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. अग्निशमन दलाचे 66 जवान त्यात कामी आले.

पंचावन्न वर्षांनंतर, 3 डिसेंबर 1999 रोजी, अमेरिकेतील वूस्टर या शहरात एक जुने, बंद पडलेले शीतगृह पेटले. आत बेघर माणसे राहतात असे कळल्यावरून जवान शोधायला शिरले. इमारत म्हणजे भूलभुलैयाच होती. खिडक्या जवळजवळ नाहीतच, आणि भिंतींना आतून पेट घेणारे अस्तर. धुरात दोन जवान वाट चुकले. त्यांना शोधायला गेलेले आणखी चार जण परतले नाहीत. सहा जवान गेले, आणि ज्यांच्यासाठी ते आत गेले होते, ती माणसे आधीच बाहेर पडलेली होती. आज मॅसॅच्युसेट्स राज्यात अशा धोकादायक रिकाम्या इमारतींच्या दर्शनी भिंतीवर लाल पाटी व तिच्यावर फुली लावलेली असते. 'आत शिरू नका' हे सांगायला एक फुली पुरते. ती फुली सहा घरांतल्या कर्त्या माणसांनंतर आली.

मुंबईनेही असा घाव पुन्हा सोसला आहे. 9 मे 2015 रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीची आग विझवताना ती इमारत कोसळली. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. एखाद्या कागदाने हे सारे टळले असते असा दावा कुणी करू नये. परंतु आपण कशाच्या आत पाऊल टाकतो आहोत, हे कळण्याचा हक्क आगीत शिरणाऱ्या प्रत्येकाला आहे, यात शंका नाही.

विद्यापीठात धोका वेगळा

शाळा, कार्यालय, सिनेमागृह यांचा धोका साधारण एकाच प्रकारचा असतो. विद्यापीठात एका भिंतीपलीकडे धोक्याची जात बदलते.

वसतिगृहात धोका आहे तो झोपलेल्या माणसांचा. 19 जानेवारी 2000 च्या पहाटे अमेरिकेतील सीटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉल या वसतिगृहात आग लागली. इमारतीत पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. धोक्याची घंटा वाजली, पण त्याआधीच्या काही महिन्यांत ती इतक्यांदा खोटी वाजली होती की अनेक मुलांनी कूस बदलून पुन्हा डोळे मिटले. तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले आणि 50 हून अधिक जखमी झाले. त्याच वर्षी न्यू जर्सी राज्याने वसतिगृहांत फवारे बसवण्याचा कायदा केला.

प्रयोगशाळेत धोका आहे तो बरण्यांचा आणि सिलिंडरांचा. 29 डिसेंबर 2009 रोजी मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या एका रसायन प्रयोगशाळेतील आगीत दोन तरुण संशोधकांचा मृत्यू झाला. 5 डिसेंबर 2018 रोजी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वायूच्या सिलिंडरचा स्फोट होऊन एक संशोधक दगावला. रसायनशास्त्राच्या कुठल्याही विभागात सोडियम असतो. त्यावर पाणी पडले की हायड्रोजन वायू निघतो आणि भडका उडतो. आग विझवायला मारलेले पाणीच तिथे आगीला खतपाणी घालते. वैद्यकीय महाविद्यालयातील एमआरआय यंत्राचे चुंबक वीज बंद केली तरी चालूच राहते आणि जवानाच्या हातातील लोखंडी कुऱ्हाड ओढून घेऊ शकते. गच्चीवरची सौर पॅनेल मेन स्विच बंद केल्यावरही उन्हात वीज निर्माण करीतच असतात.

ग्रंथालये आणि संग्रह यांचे दुखणे आणखी निराळे. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. ही फिल्म जळताना स्वतःच प्राणवायू निर्माण करते, त्यामुळे ती पाण्यातही जळत राहते. ब्राझीलमध्ये 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री रिओच्या संघराज्य विद्यापीठाचे राष्ट्रीय संग्रहालय पेटले, तेव्हा जवळच्या हायड्रंटना पाणीच नव्हते. टँकर मागवावे लागले, शेजारच्या तळ्यातून पाणी आणावे लागले. दोनशे वर्षांचा ठेवा डोळ्यांदेखत खाक झाला. हायड्रंट कुठे आहे एवढेच माहीत असून भागत नाही, तो चालू आहे का हेही कळले पाहिजे.

चार रंगांची भाषा

यावर उपाय शोधले गेले आहेत आणि त्यांतले बरेचसे अगदी साधे आहेत.

अमेरिकेत प्रयोगशाळेच्या दारावर किंवा इमारतीच्या भिंतीवर एक कोनावर उभा केलेला चौकोन दिसतो. त्याचे चार भाग असतात. निळा भाग सांगतो आरोग्याला किती धोका, लाल सांगतो पेट घेण्याची शक्यता किती, आणि पिवळा सांगतो स्फोट वा इतर उलथापालथ होण्याचा संभव किती. प्रत्येकात 0 ते 4 यांपैकी एक आकडा असतो. शून्य म्हणजे निर्धास्त, चार म्हणजे सर्वांत घातक. पांढऱ्या भागात खास सूचना असते. तिथे डब्ल्यू अक्षर आडवी रेघ मारून लिहिले असेल तर त्याचा अर्थ 'पाणी मारू नका'. जवानाला रसायनाचे नाव उच्चारता आले नाही तरी चालते, एका नजरेत त्याला काय करायचे नाही ते कळते. ज्यात काय करू नये हे ठळक लिहिले आहे, अशी पाटी एखाद्या महागड्या यंत्राइतकीच मोलाची ठरते.

दुसरी युक्ती चावीची. तिथल्या अनेक इमारतींच्या दाराशेजारी भिंतीत एक मजबूत पोलादी पेटी बसवलेली असते. तिच्यात इमारतीच्या चाव्या असतात आणि पेटी उघडण्याची किल्ली फक्त अग्निशमन दलाकडे. रेक्टर गावाला गेले तरी बिघडत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पूर्वभेट. आग लागण्याआधीच दलाचे जवान इमारत फिरून पाहतात, टिपणे घेतात आणि त्यावरून एक-दोन पानांचा आराखडा तयार होतो. हा आराखडा आता बंबातील संगणकावरही असतो, त्यामुळे वाटेतच तो वाचता येतो.

2008 च्या उच्च शिक्षण कायद्याने तर अमेरिकेत पालकांनाही यात सामील करून घेतले. ज्या विद्यापीठांच्या आवारात वसतिगृहे आहेत, त्यांनी कोणत्या वसतिगृहात कोणती अग्निसुरक्षा यंत्रणा आहे, वर्षात किती वेळा सराव झाला, किती आगी लागल्या, याचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करावा लागतो.

इंग्लंडला हा धडा फार जबर किंमत मोजून मिळाला. 14 जून 2017 रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या 24 मजली इमारतीच्या आगीत 72 माणसे गेली. अग्निशमन दलाकडे असलेली इमारतीची माहिती काही बाबतींत चुकीची होती आणि काही बाबतींत नव्हतीच, असे चौकशीत आढळले. त्यानंतर झालेला नियम 23 जानेवारी 2023 पासून लागू आहे. सात मजले वा 18 मीटरहून उंच निवासी इमारतीत कुलूपबंद माहितीपेटी हवी, तिच्यात मजल्यांचे नकाशे हवेत, तेच नकाशे दलाला संगणकावरून आधीच पाठवलेले हवेत आणि धुरातही दिसतील असे मजल्यांचे आकडे जिन्यात लावलेले हवेत.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे नियमच नाहीत असे मुळीच नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत उंच इमारतींसाठी प्रवेशाच्या मजल्यावर अग्निनियंत्रण कक्ष असावा आणि तिथे सर्व मजल्यांचे नकाशे व अग्निशमन साधनांचा तपशील ठेवावा, असे सांगितले आहे. महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम अग्निसुरक्षेची जबाबदारी स्पष्टपणे मालकावर व वापर करणाऱ्यावर टाकतो. साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करावे लागते.

पण उंच इमारतीचा नियम तीन मजली वसतिगृहाला लागू होत नाही आणि मुले तर तिथेही झोपतात. शिवाय प्रमाणपत्र फायलीत जाते, दाराशी येत नाही. 24 मे 2019 रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केड इमारतीतील शिकवणी वर्गाला आग लागली. खाली उतरायचा जिना पेटला आणि मुलांनी वरून उड्या टाकल्या. 22 तरुण जीव गेले. शिकणारी मुले जिथे जमतात, त्या इमारतीची जातकुळी काहीही असो, तिला बाहेर पडायची दुसरी वाट आहे की नाही, हे आग लागण्याआधी कुणाला तरी माहीत असायला हवे होते.

पेटीत काय असावे?

एका इमारतीसाठी दोन पाने पुरेत. पहिल्या पानावर आवाराचा नकाशा असावा. कोणते फाटक रात्री उघडे असते, कोणत्या कमानीखालून उंच बंब जात नाही, शिडीची गाडी कुठवर येऊ शकते, हायड्रंट आणि पाण्याच्या टाक्या कुठे आहेत व हायड्रंट शेवटचा कधी तपासला, हे सारे त्यावर दिसावे. इमारतीचे अधिकृत नाव आणि मुलांच्या तोंडचे नाव, दोन्ही लिहावीत.

दुसऱ्या पानावर प्रत्येक मजल्याची आखणी असावी. जिने, बंद ठेवलेली दारे, लोखंडी जाळ्या, लिफ्ट, विजेचा मेन स्विच, जनित्र, सौर पॅनेल, मेसचे गॅस सिलिंडर, विजेवर चालणाऱ्या दुचाकी जिथे चार्ज होतात ती जागा आणि घातक रसायने ठेवलेली खोली त्यावर ठळक खुणांनी दाखवावी. खाली दोन-तीन आकडे असावेत. रात्री साधारण किती जण झोपतात, त्यांपैकी चालता-उतरता न येणारे किती व कुठल्या खोलीत, आणि कोणत्याही वेळी फोन उचलतील अशा दोन व्यक्तींचे क्रमांक.

अक्षरे मोठी असावीत, भाषा स्थानिक असावी. कागद प्लास्टिकमध्ये बंद केलेला असावा, म्हणजे पाण्याने भिजणार नाही. रखवालदाराला इतकेच शिकवावे, 'बंब आला की ही पेटी दाखवायची.' एवढे काम नवा माणूसही करू शकतो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सुरक्षेचा. नकाशे आणि चाव्या दाराशी ठेवल्या तर चोराचेच फावेल. ही शंका रास्त आहे, म्हणूनच पेटीला कुलूप हवे आणि किल्ली दलाच्या ताब्यात हवी. आजारी वा अपंग विद्यार्थ्यांची नावे लिहिण्याचेही कारण नाही, खोलीचा क्रमांक पुरे.

दुसरा आक्षेप, हल्ली सगळे मोबाइलवर असताना कागद कशाला? संगणकावरची प्रत जरूर असावी. वाटेत वाचायला तिच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. पण आगीच्या वेळी वीज जाते, नेटवर्क गर्दीने कोलमडते, पासवर्ड आठवत नाही. कागदाला बॅटरी लागत नाही. दोन्ही ठेवावे हेच शहाणपणाचे.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. आज तयार केलेला नकाशा दोन वर्षांनी खोटा ठरतो. मधल्या काळात एखादी भिंत उभी राहते, एखाद्या जिन्याखाली भंगार साठते, एखाद्या दाराला कायमचे कुलूप लागते. आणि खोटी माहिती ही माहिती नसण्यापेक्षा घातक, कारण जवान तिच्यावर विश्वास ठेवून पाऊल टाकतो. यावर उपाय म्हणजे नेमलेला दिवस आणि नेमलेला माणूस. महाराष्ट्रात प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यायचेच असते, तेव्हाच कागदही तपासावा, त्यावर तारीख टाकावी, सही करावी. नवे प्रवेश जुलैच्या आसपासच होतात, तेव्हा मुलांची संख्याही त्याच वेळी बदलता येईल. त्याच दिवशी स्थानिक केंद्रातील जवानांना आवारात बोलवावे आणि चहा पाजून इमारत फिरवून दाखवावी. एकदा उजेडात पाहिलेला जिना अंधारातही सापडतो.

पालकांनी विचारावे

मुलगा वा मुलगी परगावी शिकायला निघाली की आईवडील मेसचे जेवण, पाणी, फी, खोलीतले सोबती यांची बारीकसारीक चौकशी करतात. ते योग्यच आहे. त्यात आणखी चार प्रश्नांची भर घालायला हवी. बाहेर पडायला दुसरा जिना आहे का आणि तो रात्री उघडा असतो का? खिडकीच्या जाळीला आतून उघडणारा भाग आहे का? आगीचा सराव गेल्या वर्षी झाला का? आणि रात्री बंब आला तर त्याला इमारतीची माहिती कोण देईल?

रेक्टर पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कदाचित चटकन देतील, चौथ्यापाशी ते थबकतील. वाईट वाटून घेऊ नये, बहुधा हा प्रश्न त्यांना यापूर्वी कुणी विचारलेलाच नसतो. दहा पालकांनी विचारला तर तो बैठकीत निघेल आणि बैठकीत निघाला तर कधीतरी पेटीही लागेल.

मुलांनाही दोन गोष्टी सांगाव्यात. आगीसाठी 101 किंवा 112 हा क्रमांक लावताना 'युनिव्हर्सिटीत आग' एवढेच न सांगता इमारतीचे नाव, मजला आणि जवळचे फाटक सांगायचे आणि पलीकडचा माणूस ठेवेपर्यंत फोन ठेवायचा नाही. आणि घंटा दहा वेळा खोटी वाजली असली तरी अकराव्या वेळी उठून खाली यायचे.

तहान लागल्यावर विहीर खणायची आपली जुनी सवय आहे. इथे तर विहीर खणायचीही नाही. पाणी आधीच आहे, ते कपाटातून काढून फाटकापाशी आणून ठेवायचे आहे, एवढेच.